बरबटीच्या गंजात कोंबडी

बडनेऱ्यात कोंबडीचा रस्सा रविवारचा आणि बरबटीची उसळ आडवारची. जुन्या वस्तीत काय, नव्या वस्तीत काय, दोन्हींचं वाटण जवळजवळ एकच असतं: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण, धने, काळा मसाला, लाल तिखट आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. तरी हे दोन जिन्नस एका गंजात सहसा पडत नाहीत. कोंबडीच्या रश्श्यात बरबटी दिसली, तर पंगतीत बसलेल्याला पहिली शंका येते की पाहुणे वाढले आणि चिकन कमी पडलं. पुण्या-मुंबईकडे जिला चवळी म्हणतात ती बरबटी आपल्याकडे घरच्या माणसांसाठी; पाहुण्याला ती वाढणं जरा हलकंच समजतात.

अमेरिकेत नेमका उलटा तंटा आहे. टेक्सस राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात १८८०च्या सुमारास बायका संध्याकाळी चौकात चुली मांडून मिरचीत शिजवलेलं मांस विकत. त्या ‘चिली’ला टेक्ससने १९७७ साली राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान दिला. कट्टर टेक्सन माणूस आजही त्यात घेवडा घालू देत नाही. बाकीच्या अमेरिकेने मात्र त्याचं ऐकलं नाही. राजमा किंवा काळा घेवडा घालून, गोमांसाऐवजी चिकन वापरून ही चिली तिथे घराघरांत होते, आणि तिकडच्या मराठी घरांत तिला काळ्या मसाल्याची फोडणीही बसते. चवीचा निवाडा ज्याचा त्याने करावा. पोषणाच्या बाजूने विचाराल, तर टेक्सनही चुकतो आणि रविवारचा बडनेरकरही. कोंबडी आणि शेंगवर्गीय दाणा एका गंजात शिजवण्यासारखा दुसरा शहाणपणा नाही, आणि त्याचं कारण प्रथिनांच्या आकड्यात सापडत नाही.

आकडा तरी आधी पाहू. कातडी काढलेल्या कच्च्या चिकनमध्ये शंभर ग्रॅममागे १८ ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात. छातीच्या मांसात थोडी जास्त, तंगडीत थोडी कमी. कोरड्या बरबटीतही शंभर ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम असतात. हे वाचून ‘डाळ आणि मांस सारखंच’ असं म्हणणारे बरेच भेटतात. पण कोरडी बरबटी कोणी चावत नाही. शिजताना ती पाणी पिते, आणि मग शंभर ग्रॅम उसळीत साडेसात-आठ ग्रॅमच प्रथिनं उरतात. चिकनचं उलट होतं: शिजताना पाणी सुटतं आणि मांस आटतं, म्हणून शिजलेल्या चिकनमध्ये शंभर ग्रॅमला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत प्रथिनं भरतात. प्रथिनांच्या शर्यतीत बरबटी मागेच पडते, हे मान्य करून पुढे जावं.

तंतुमय भागाचा, म्हणजे चोथ्याचा प्रश्न आला की चिकनच्या नावापुढे शून्य लिहावं लागतं. शिजवलेल्या बरबटीत शंभर ग्रॅमला सहा-साडेसहा ग्रॅम चोथा असतो. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व, रक्तपेशी तयार व्हायला आणि गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीला लागणारं. शंभर ग्रॅम उसळीत ते सुमारे २०० मायक्रोग्रॅम मिळतं. चिकनच्या मांसात नाममात्र. आता पारडं फिरवू. ब-१२ कुठल्याही डाळीत, कडधान्यात नसतं. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं.

फोलेट आणि ब-१२ शरीरात जोडीने काम करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होतं, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एक बाजू भरलेली आणि दुसरी रिकामी असणं हाही कुपोषणाचाच प्रकार, हे त्यातून दिसलं. चिकनमध्ये ब-१२ फार नाही. अंडं आणि मटण त्याच्या पुढे आहेत. पण कोंबडीच्या कलेजीत ते शंभर ग्रॅमला १६ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, शिवाय नऊ मिलिग्रॅम लोह. दुकानदार ‘कलेजी-पेटा टाकू का?’ विचारतो तेव्हा नाक मुरडणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. गर्भवतीने मात्र कलेजी भरमसाट खाऊ नये, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व अति असतं.

आता प्रथिनांच्या आतल्या गोष्टीकडे वळू. प्रथिनं अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनतात आणि त्यातली नऊ शरीराला बाहेरूनच मिळवावी लागतात. डाळी-कडधान्यांत लायसीन चांगलं असतं, पण मेथिओनीन तोकडं पडतं. ज्वारीत लायसीन फारच कमी, मेथिओनीन त्या मानाने ठीक. म्हणून भाकर आणि उसळ एकमेकींची उणीव भरून काढतात. खानदेशात आणि बुलढाण्याकडे ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकर करतात, तिचं बळ इथेच आहे. चिकनमध्ये ही सगळी अमिनो आम्लं हव्या त्या प्रमाणात असतात, त्यामुळे गंजात थोडं जरी चिकन असलं तरी बरबटीच्या प्रथिनांचं चीज होतं.

हा हिशेब सर्वांत काटेकोरपणे कोणी मांडला असेल, तर तो कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्यांनी. अमरावती-अकोल्याच्या शेतांत गेल्या चाळीसेक वर्षांत सोयाबीन पसरलं आणि ज्वारी, मूग, उडीद मागे हटले. हे सोयाबीन घरात कोणी उसळ करून खात नाही. त्याचं तेल निघतं आणि उरलेली ढेप, धंद्यातल्या भाषेत डीओसी, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तिच्यात ४५ टक्क्यांहून अधिक प्रथिनं असतात. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका आणि पाव ते तिसरा हिस्सा सोयाबीनची ढेप असते. सहा आठवड्यांच्या आत पक्षी दोन किलोंचा होतो, आणि एक किलो वजन वाढायला साधारण पावणेदोन किलो खाद्य लागतं. म्हणजे जिवंत कोंबडीच्या प्रत्येक किलोमागे अर्धा किलोच्या आसपास सोयाबीन तिच्या पोटात गेलेलंच असतं. रविवारच्या रश्श्यात शेंगवर्गीय दाणा आपण घालत नाही असं वाटतं. तो आधीच घातलेला असतो, फक्त पिसं लावून.

मका आणि सोयाबीन एवढ्यावर ब्रॉयलरचं भागत नाही. कमी काय पडतं? तेच मेथिओनीन. म्हणून कारखान्यात तयार केलेलं मेथिओनीन खाद्यात वेगळं मिसळतात. कोंबडीच्या ताटाची जी काळजी घेतली जाते, ती वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या ताटाची कोणी घेतली नाही. त्याच्या ताटातून ज्वारी गेली, डाळ महागली, आणि उरलं ते रेशनचं गहू-तांदूळ. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला हे खरंच आहे, पण ज्या पिकांच्या जागेवर ते आलं ती पिकं घरात शिजत होती.

लोहाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६८.९ टक्के. चिकन खाल्लं की रक्त वाढतं असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात चिकनच्या मांसात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं; कोरड्या बरबटीत आणि ज्वारीत त्याच्या चौपट-पाचपट. पण वनस्पतींमधलं लोह आतड्यातून रक्तात शिरताना अडखळतं. धान्य-कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि शंभरातले जेमतेम काही भागच शोषले जातात. मांसातलं लोह वेगळ्या घडणीचं असल्याने सहज शिरतं. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ‘थोडं चिकन, थोडी उसळ’ एवढाच सल्ला निघाला असता.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस व्हेनेझुएलात मिगेल लायरिस यांच्या गटाने एक नामी प्रयोग केला. मका आणि काळ्या घेवड्याच्या रोपांना त्यांनी किरणोत्सारी लोह पाजलं, म्हणजे दाण्यातलं लोह रक्तात किती पोचलं ते नेमकं मोजता येईल. ते अन्न माणसांना कधी नुसतं दिलं, कधी वासराच्या मांसाबरोबर किंवा माशाबरोबर. मांस किंवा मासा सोबत असला की दाण्यातलं लोह बरंच जास्त शोषलं जात होतं. म्हणजे मांस स्वतःचं लोह तर देतंच, शिवाय शेजारच्या दाण्याच्या लोहालाही आत घेऊन येतं. हा परिणाम पुढे अनेकांनी तपासला आणि कोंबडीच्या मांसातही तो आढळतो. अट एवढीच की दोन्ही एकाच जेवणात हवीत. रविवारी चिकन आणि बुधवारी बरबटी खाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. लिंबातलं क जीवनसत्त्वही असंच मदत करतं, म्हणून रश्श्यावर लिंबू पिळणं चवीपुरतं नाही. आणि जेवण झाल्या झाल्या घेतलेला चहा हे सगळं उधळून लावतो, कारण त्यातली टॅनिनं लोहाला बांधतात. बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावात चहाला वेळ-काळ नसतो, हे ठाऊक आहे; तरी तासभर थांबावं.

ज्वारीचा विषय निघालाच आहे, तर नायसिनबद्दलही. हे ब गटातलं आणखी एक जीवनसत्त्व. ते न मिळाल्यास पेलाग्रा होतो: उन्हाने कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं. हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा समजला जाई. हैदराबादला तो ज्वारी खाणाऱ्यांतही दिसला, तेव्हा तिथल्या पोषण संशोधन संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० साली ज्वारीतल्या जादा ल्यूसीनवर बोट ठेवलं. तो तर्क पुढे वादात सापडला, पण एवढं नक्की की निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्याला नायसिनचा आधार लागतो, आणि चिकन हे नायसिनचं उत्तम भांडार आहे. ज्वारीच्या भाकरीसोबत कोंबडी खाणारा वऱ्हाडी माणूस नकळत बरोबरच वागत होता.

आता गंज चुलीवर ठेवू. पाच माणसांचं घर. एक किलो चिकन आणलं तर हाडं वगळून साडेसहाशे ग्रॅम मांस, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं आणि चोथा शून्य. त्याऐवजी अर्धा किलो चिकन आणि दीडशे ग्रॅम कोरडी बरबटी घेतली, तर चिकनचे बारा आणि बरबटीचे सात मिळून १९ ग्रॅम. सहा ग्रॅम कमी झाले, पण सव्वातीन ग्रॅम चोथा आला, फोलेट आलं आणि खर्चही उतरला. सोबत ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे १२० ग्रॅम पीठ, धरल्या तर आणखी १२ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा. ताटाची बेरीज ३१ ग्रॅम प्रथिनं आणि पंधरा ग्रॅम चोथा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं पुरतात, आणि जागतिक आरोग्य संघटना किमान २५ ग्रॅम चोथा खा म्हणते. एका जेवणात दोन्हींचं निम्म्याहून अधिक काम झालं.

एवढा चांगला हिशेब बिघडवते ती तर्री. वर लाल तेलाचा थर तरंगल्याशिवाय रस्सा झाला असं आपल्याकडे मानत नाहीत. दीडशे ग्रॅम तेल पडलं तर माणशी तीस ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक. त्याच ताटातल्या चिकनच्या मांसाचे उष्मांक ऐंशीच्या घरात. म्हणजे कोंबडीच्या तिपटीहून जास्त ऊर्जा तेलातून येते आणि आपण दोष कोंबडीला देतो. तिखटाची आगही तर्रीतच असते, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. जीभ पोळल्यावर पाण्याचे तांबे रिचवून उपयोग होत नाही तो त्यामुळेच. मठ्ठा किंवा दही घ्यावं. पन्नास ग्रॅम तेलात वाटण चांगलं परतता येतं. बरबटीचे मूठभर शिजलेले दाणे ठेचून रश्श्यात सोडले, तर तेलाविना दाटपणाही येतो. मिरचीच्या पोषणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर, पण उन्हात वाळवून तिखट कुटेपर्यंत त्यातलं बहुतेक गेलेलं असतं.

बरबटी शिजवणं हा मात्र वऱ्हाडात दर गावी वेगळा प्रश्न आहे. अमरावती-बडनेऱ्याच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं आणि त्यात दाणा मऊ होतो. इथून थोडं पश्चिमेला, भातकुली-दर्यापूरकडे सरकलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या विहिरी-बोअरच्या खाऱ्या, जड पाण्यात डाळ तासभर उकळली तरी टणक राहते, ही तिथल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने दाणा मऊ पडतो खरा, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा शिजवायला तरी गोडं पाणी वापरावं आणि वर्ष-वर्ष कोठीत पडलेला जुना माल टाळावा. जुना दाणा चांगल्या पाण्यातही हट्टी होतो. भेदरं (टोमॅटो), चिंच, लिंबू यांची आंबटीही दाण्याला कडक ठेवते. म्हणून भेदऱ्याचा रस्सा करायचा असेल तर बरबटी आधी वेगळी शिजवून घ्यावी. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर फायटेट थोडं कमी होतं, पोटात वात धरवणाऱ्या शर्कराही काही प्रमाणात निघून जातात. मोड आणले तर आणखी बरं.

क्रम असा ठेवावा. भिजलेली बरबटी कुकरला दोन-तीन शिट्ट्या देऊन काढावी. वाटण परतून त्यात चिकन वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यावं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत बरबटी घालावी. कोंबडी गावरान असेल तर तिला तास-दीड तास लागतो. वय जास्त असल्याने तिचं मांस चिवट असतं, आणि रश्श्याला जो गोडवा येतो तोही त्या वयाचाच. प्रथिनांत मात्र ती ब्रॉयलरच्या फार पुढे नाही, किंमत दुप्पट असली तरी.

बरबटीऐवजी राजमा घेणाऱ्यांनी, विशेषतः परदेशात मंद आचेची विजेची भांडी वापरणाऱ्यांनी, एक जपावं. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनीन नावाचं लेक्टिन असतं आणि चार-पाच अर्धकच्चे दाणेही ओकाऱ्या-जुलाबांना पुरतात. ते मोडायला खळखळ उकळी लागते. कोमट आचेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ झाल्यासारखा दिसतो, पण विष तसंच राहतं. आधी पाच तास भिजवून, पाणी बदलून, निदान अर्धा तास उकळलेला राजमाच त्या भांड्यात घालावा. आपल्या कुकरच्या शिट्टीपुढे ही भीती उरत नाही. डबाबंद राजमा शिजवलेलाच असतो. त्यात मीठ फार, म्हणून चाळणीत धुऊन घ्यावा.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा रस्सा डॉक्टरांना विचारूनच खावा, कारण प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्ही त्यात भरपूर आहेत. आणि मे महिन्यात, बडनेऱ्याचा पारा ४५च्या आसपास असताना, उरलेला रस्सा ओट्यावर रात्रभर ठेवू नये. चिकन आणि शिजलेला दाणा दोन्ही जंतूंच्या आवडीचे आहेत. सकाळी खळखळ उकळून घेतला की झालं, असं पुष्कळ घरांत समजतात. उकळीने जंतू मरतात, पण त्यांतल्या काहींनी रात्रीत सोडलेलं विष उकळूनही जात नाही. रस्सा जेवणानंतर दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये जावा. फ्रीज नसेल तर बरबटी मोजूनच भिजवावी.